दोन हात रुंदीची वाट

(रस्ता सुरक्षा महिन्यानिमित्त दीपनगर वसाहतीत आमच्या अपघात व अस्थिरोग विभागाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



रुग्णालयाच्या वतीने कोणी बोलावयास उभे राहिले, की ते रोगांविषयी बोलणार, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. आज आम्ही एका सवयीविषयी बोलणार आहोत. वाहतूक मंदावली, गाड्यांची रांग लागली, की त्या रांगेतील फटीतून मोटारसायकल पुढे काढण्याची ही सवय आहे. या सभागृहाबाहेर उभ्या असलेल्या मोटारसायकलींची संख्या पाहता हा विषय कोणालाही परका वाटू नये.

दीपनगर महामार्गाच्या कुशीत वसले आहे. पूर्वीचा क्रमांक ६ आणि आताचा क्रमांक ५३ असा हा राष्ट्रीय महामार्ग गुजरातेतून निघून धुळे, जळगाव, भुसावळवरून विदर्भाकडे आणि पुढे पूर्व किनाऱ्यापर्यंत जातो. त्यावर लांब पल्ल्याचे ट्रक आहेत, केंद्रातील राख वाहून नेणारे बल्कर आणि डंपर आहेत, हंगामात केळीच्या गाड्या आणि कापसाने फुगलेल्या ट्रॉल्या आहेत. रस्ता रुंद झाला, तशी एका दिशेला दोन अवजड वाहने शेजारी-शेजारी चालू लागली. एरवी ती वेगाने निघून जातात. परंतु कोठे दुरुस्तीचे काम निघाले, एखादी गाडी बंद पडली किंवा पाळी सुटण्याची वेळ झाली, की ती शेजारी-शेजारीच थांबतात. त्या दोहोंमध्ये जी वाट दिसते, तिच्याविषयी आम्हांला बोलावयाचे आहे.

तिचे माप काढणे अवघड नाही. महामार्गाची एक मार्गिका साडेतीन मीटर रुंद असते. ट्रकची रुंदी कायद्याने जास्तीत जास्त २.६ मीटर असू शकते. दोन्ही ट्रक आपापल्या मार्गिकेच्या अगदी मध्यावर उभे असले, तर त्यांच्यामध्ये उरतात नव्वद सेंटिमीटर, म्हणजे जुन्या मापाने दोन हात. त्यातून ट्रकचे आरसे आणि बाहेर लोंबणारे दोर वजा करावेत. सर्वसाधारण मोटारसायकलचे हँडल पाऊण मीटरच्या आसपास रुंद असते. म्हणजे प्रत्येक बाजूस सात-आठ सेंटिमीटर, चार बोटे. दोन मोटारगाड्यांमध्ये मात्र हाच हिशेब निराळा होतो. मोटारगाडी सुमारे पावणेदोन मीटर रुंद धरली, तर मध्ये तेवढीच जागा उरते. एकाच सवयीचे हे दोन प्रकार आहेत, आणि त्यांना एकाच मापाने तोलणे बरोबर नाही.

या सवयीची बाजू आम्ही आधी मांडतो, कारण ती मुळीच पोकळ नाही. भुसावळचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो. तापलेल्या डांबरावर, समोरच्या ट्रकचा धूर तोंडावर घेत उभे राहणे ही शिक्षाच आहे. शिवाय रांगेच्या शेपटाशी उभ्या असलेल्या दुचाकीस मागून येणारे वाहन धडकण्याची भीती खरी असते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील अभ्यासकांनी २०१५ मध्ये अपघातग्रस्त झालेल्या सुमारे सहा हजार दुचाकीस्वारांच्या नोंदी तपासल्या. गाड्यांच्या मधून जाताना अपघात झालेल्यांना मागून धडक बसण्याचे प्रमाण इतरांपेक्षा कमी आढळले. डोक्याच्या आणि धडाच्या दुखापतीही कमी आढळल्या, मात्र हेही खरे, की ही मंडळी अधिक चांगले हेल्मेट घालणारी होती. त्यापुढचा निष्कर्ष आमच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. आजूबाजूची वाहतूक ताशी ८० किलोमीटरपेक्षा मंद असावी, आणि दुचाकीचा वेग तिच्यापेक्षा ताशी २४ किलोमीटरहून अधिक नसावा. या मर्यादा ओलांडल्या, की दुखापतींचे प्रमाण वाढत जाते.

ज्या देशांनी ही पद्धत कायद्यात आणली, त्यांनीही ती मोकाट सोडलेली नाही. ऑस्ट्रेलियातील न्यू साऊथ वेल्स राज्याने जुलै २०१४ पासून परवानगी दिली ती ताशी ३० किलोमीटरच्या मर्यादेत. शाळेच्या परिसरात आणि रस्त्याच्या कडेच्या बाजूने तेथे बंदीच आहे. आपल्याकडे अशी स्वतंत्र परवानगी नाही. जेथे मार्गिका आखलेल्या आहेत तेथे मार्गिकेतच राहावे, असे २०१७ चे वाहन चालविण्याचे नियम सांगतात. त्यामुळे पुढे आम्ही जे सांगतो ती परवानगी समजू नये. लोक जातातच, हे अपघात विभागात रोज दिसते, आणि म्हणून बोलणे भाग आहे.

दोन अवजड वाहनांच्या मधून कधीही जाऊ नये. आमचे पहिले आणि शेवटचे सांगणे हेच आहे. ट्रकचालक उंचावर बसतो. त्याच्या दाराखालची, मागच्या चाकांलगतची आणि थेट नाकासमोरची जागा त्याला दिसत नाही. त्याच्या आरशात आपल्याला त्याचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही आपण दिसत नाही, एवढी खूण पुरे. कित्येक स्वार फटीतून पुढे येऊन ट्रकच्या नाकाशी अगदी लगटून थांबतात आणि आता आपण सुटलो असे समजतात. रांग हलते, चालक पुढच्या गाडीकडे पाहत क्लच सोडतो, आणि त्याला काही कळण्याआधीच सर्व होऊन जाते. पुढे येऊन थांबावयाचेच असेल, तर चालकाला आपली पाठ दिसेल इतके अंतर सोडून थांबावे.

डावीकडची साइडपट्टी हा दुसरा मोह. तेथे राखेचा आणि वाळूचा थर असतो, डांबराची कड तुटलेली असते, आणि उभ्या एस.टी.तून किंवा रिक्षातून माणसे त्याच बाजूस उतरतात. डावीकडे वळणाऱ्या लांब वाहनाची मागची चाके पुढच्या चाकांच्या मार्गाने जात नाहीत, ती कोपरा कापून आत येतात. त्या कोपऱ्यात सापडलेल्या स्वारास बाहेर पडावयास वाट नसते.

आणि वेग. ताशी २० किलोमीटर वेगाने जाणारा स्वार एका सेकंदात साडेपाच मीटर पुढे जातो. हाताने ब्रेक दाबेपर्यंत तेवढा सेकंद जातोच. गाडी थांबेपर्यंत आठ-नऊ मीटर होतात. वेग ४० असेल, तर तेच अंतर वीस मीटरच्या पुढे जाते. रांगेतील एखादे दार उघडले किंवा दोन गाड्यांमधून कोणी रस्ता ओलांडू लागला, तर वीस मीटर कोणीही देत नाही. फार सावकाश गेले तर गाडी डगमगते, हेही आम्ही जाणतो. अशा वेळी मागचा ब्रेक हलका दाबून आणि क्लच अर्धा धरून तोल सांभाळावा. हँडल वळलेले असताना पुढचा ब्रेक एकदम दाबल्यास गाडी हमखास आडवी होते.

आता अस्थिरोग विभागाचे म्हणणे. या अपघातांत डोक्याखालोखाल घात होतो तो गुडघ्याखालच्या पायाचा. नडगीच्या हाडावर पुढच्या बाजूस मांसाचे आवरण जवळजवळ नसते, नुसती कातडी असते. पत्र्याच्या कडेने ती फाटते, हाड उघडे पडते, त्यात रस्त्याची घाण जाते. मग जखम धुण्याच्या एकामागून एक शस्त्रक्रिया, बाहेरून बसविलेल्या सळया, कातडीचे रोपण. सर्व सुरळीत झाले तरी हाड सांधण्यास चार-सहा महिने लागतात, आणि जंतुसंसर्ग झाला तर वर्षही अपुरे पडते. कंत्राटी कामगाराच्या घरात तेवढे महिने चूल कशावर पेटते, हे येथे बसलेल्या काही कुटुंबांना आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. देणगीदारांनी दिलेल्या खाटांपैकी कोणती खाट सर्वांत उशिरा रिकामी होते, असे कोणी विचारले, तर आम्ही याच रुग्णाच्या खाटेकडे बोट दाखवू.

यातील एक गोष्ट आम्हांला फार अस्वस्थ करते. कित्येकदा पाय मोडतो तो गाडी चालविणाऱ्याचा नव्हे, मागे बसलेल्या स्त्रीचा. आपल्याकडे साडी नेसलेली स्त्री एका बाजूस पाय सोडून बसते. तिचे गुडघे डावीकडे हँडलच्याही बाहेर येतात, मांडीवर मूल किंवा पिशवी असते. स्वार फटीचे माप घेतो ते स्वतःच्या हँडलवरून. हँडल पार होते, आणि मागून आवाज येतो. मागे असे कोणी बसले असेल, तेव्हा मोटारगाड्यांच्या मधूनही जाऊ नये, मग कितीही घाई असो.

हेल्मेटविषयी थोडक्यात. केंद्रीय मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात हेल्मेट नसलेले ५०,०२९ जण रस्त्यावर मरण पावले. त्यांतील १४,३३७ जण मागे बसलेले होते. उन्हात घाम येतो ही तक्रार खरी आहे. आत सुती रुमाल बांधावा, हेल्मेट फिक्या रंगाचे घ्यावे, पण पट्टा लावल्यावाचून ते नुसते टोपीसारखे ठेवू नये.

अपघात दिसला, तर थांबण्यास भिऊ नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये आणि पुढे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यानेही मदत करणाऱ्यास संरक्षण दिले आहे. जखमीस आणणाऱ्याकडे रुग्णालयाने पैसे मागू नयेत, पोलिसांनी त्याला नाव सांगण्याची सक्ती करू नये. १०८ क्रमांकावर फोन करावा, रक्त वाहत असेल तेथे स्वच्छ कापड दाबून धरावे आणि मान हलवू नये.

आमचे बोलणे येथे संपले. बाहेर प्रांगणात आम्ही चुन्याने दोन रेषा आखून ठेवल्या आहेत, त्यांच्यामध्ये बरोबर नव्वद सेंटिमीटर आहेत. जाण्यापूर्वी प्रत्येकाने आपली मोटारसायकल, मागे नेहमी बसणाऱ्या व्यक्तीला बसवून, त्या रेषांमध्ये उभी करून पाहावी. मोजपट्टी धरावयास आमचे सहकारी तेथे आहेत.