घरची चूल आणि दुकानाचा गल्ला



घरच्या माणसांनी चालविलेली खानावळ वर्षानुवर्षे कशी वाढते, या विषयावर मी बोलावे असे व्याख्यानमालेच्या चालकांनी सुचविले, तेव्हा माझ्या काही सहकाऱ्यांना हसू आले. जन्मभर मालकाच्या समोरच्या खुर्चीवर बसलेला मनुष्य मालकाला धंदा वाढविण्याचा उपदेश काय करणार, असे त्यांचे म्हणणे. उपदेश मला करावयाचाच नाही. परंतु या विषयाचे मला फार दिवसांचे कुतूहल आहे. कारखान्यात मालक कोण आणि कामगार कोण हे दारावरच कळते. लहान खानावळीत पहिली पाच-सात वर्षे दोघेही एकाच देहात राहतात. सकाळी भाजी चिरणारे हात दुपारी गल्ल्यावर असतात आणि रात्री मोरीवर. असा मालक स्वतःला काय पगार देतो, हा प्रश्न मी अनेकांना विचारला आहे. सरळ उत्तर फार थोड्यांनी दिले.

मी शाळा लवकर सोडली. अर्थशास्त्र शिकलो ते वाचनालयातल्या पुस्तकांतून आणि पगारपत्रकांतून. तेव्हा पंडितांनी माझ्या बोलण्यात शास्त्र शोधू नये. हिशेब मात्र जरूर तपासावा.

मराठी मनुष्य चहा पिण्याच्या जागेलाही हॉटेल म्हणतो, त्यामुळे मूळची गोष्ट झाकली जाते. आपल्याकडे घरगुती धंद्याची सुरुवात हॉटेलातून झालेली नाही, ती खानावळीतून झाली. कोकणातून, साताऱ्याहून, कोल्हापूरकडून माणसे मुंबईच्या गिरण्यांत आली. बायकामुले गावी ठेवून एकेका खोलीत पाळीपाळीने निजणारी ही माणसे. त्यांच्या जेवणाची सोय केली ती त्याच चाळींतल्या बायकांनी. दहा बाय दहाच्या खोलीत चूल, दोन पातेली, आणि दोन्ही वेळचे पंधरा-वीस जेवणारे. पैसे महिन्याकाठी, पगाराच्या दिवशी. तोपर्यंत धान्य वाण्याकडून उधारीवर, आणि वाण्याची उधारी संपली की सावकाराकडून. गिरणीत संप झाला तर जेवणाऱ्याचा पगार बंद, पण त्याची भूक काही बंद होत नाही. संपाचा इतिहास लिहिणारे पुढाऱ्यांची भाषणे नोंदवितात. संपकऱ्याला उधारीवर दोन वेळ वाढणाऱ्या बाईचे नाव त्या इतिहासात क्वचितच सापडते, आणि तिच्या वहीत तरी ते कोठे होते? वही नवऱ्याच्या नाही तर वाण्याच्या ताब्यात.

हे ज्या एका कार्यकर्तीच्या ध्यानात आले तिचे नाव प्रेमा पुरव. गोव्याच्या मुक्तिलढ्यात भाग घेऊन, पुढे मुंबईच्या कामगार चळवळीत आलेल्या या बाईंनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. बँकांचे राष्ट्रीयीकरण १९६९ साली झाले होते. गरिबाला कर्ज मिळेल असे सांगितले जात होते. पण खानावळवालीकडे तारण कशाचे? मंडळाने बायकांचे गट केले आणि एकमेकींच्या भरवशावर त्यांना बँकेच्या दारात नेले. कर्जाच्या रकमा लहानच होत्या. त्यातून सावकाराचा फास सैल झाला ही मोठी गोष्ट खरीच, परंतु मला त्याहून मोठी वाटते ती दुसरी. बँकेच्या कागदावर धंदा करणारी म्हणून त्या बाईचे नाव लागले. आजवर ती नुसता स्वयंपाक करीत होती!

मग १८ जानेवारी १९८२ आला. सुमारे अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली बाहेर पडले, आणि त्यांतले पुष्कळ कधीच परत आत गेले नाहीत. ज्या खानावळीचे सगळे जेवणारे एकाच गिरणीतले, तिचे काय झाले असेल ते सांगावयास नको. अन्नपूर्णा मंडळ टिकले, कारण एका गिरणीच्या भोंग्यावर त्याची चूल अवलंबून राहिली नाही. डबे, उपाहारगृहे, समारंभांची जेवणे अशी नवी कामे त्याने हाती घेतली. आपल्या शेजारी वाशीलाही त्याचे केंद्र उभे राहिले. प्रेमाताईंना २००२ साली पद्मश्री मिळाली. खानावळवालीच्या कामाची सरकारदरबारी तेवढी तरी नोंद झाली.

धंदा वाढण्याची दुसरी एक वाट माटुंग्याला दिसते. दक्षिण कानड्यातून लहान वयात मुंबईत येऊन हॉटेलांत राबलेल्या ए. रामा नायक यांनी १९४२ साली माटुंग्याच्या स्टेशनाजवळ उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग काढले. केळीच्या पानावर जेवण, पोटभर वाढणे, आणि कुटुंबाची देखरेख. उडुपी हॉटेलांविषयी आपल्याकडे थट्टा फार झाली. मला त्यांची एक गोष्ट आदराची वाटते. फडके मारणाऱ्या मुलासाठी मुंबईत कानडी रात्रशाळा होत्या. दिवसा कप विसळणारा मुलगा रात्री अक्षरे गिरवीत असे, आणि त्यांतले काही पुढे स्वतःचे हॉटेल काढीत. आज आपल्या हॉटेलांत बंगाल, ओडिशा, नेपाळची मुले आहेत. त्यांची रात्रशाळा कोणती? मोबाइल.

आता आपल्या नेरूळकडे येतो. सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० ची. नेरूळ, शिरवणे, सारसोळे, कुकशेत, करावे, दारावे या गावांची भातशेती आणि मिठागरे गेली, त्यांच्या जागी सेक्टर आले. घाऊक बाजार १९८१ पासून वाशीकडे येऊ लागला, त्यामागून माथाडी आले. इमारती बांधणारे आले. १९९३ साली रेल्वे नेरूळला पोहोचली, तेव्हा कचेरीत जाणारे एकटे-दुकटे तरुण आले, आणि पुढे महाविद्यालयांचे विद्यार्थी. जमीन गेलेल्या घरात दोन गोष्टी उरल्या होत्या, गावठाणातला ओटा आणि घरातल्या बायकांच्या हातची चव. तांदळाची भाकरी, बोंबील, कोळंबी, हाती लागला तर जिताडा. गिरणगावात जे घडले तेच येथे शंभर वर्षांनी पुन्हा सुरू झाले.

अशीच एक खानावळ मी सुरुवातीपासून पाहत आलो. नाव सांगत नाही, घरची माणसे संकोची आहेत. सासू-सुनेने सहा डबे सुरू केले. मग ओट्यावर बाक आला, मग सेक्टरात भाड्याचा गाळा, मग दोन नोकर. लोक म्हणू लागले, धंदा वाढला. एका संध्याकाळी वहिनी म्हणाल्या, "दादा, गल्ल्यात पैसे दिसतात, पण महिनाअखेर हातात काही राहत नाही. तुम्ही युनियनवाले पगाराचे हिशेब करता, आमचा एकदा करून द्या."

तो हिशेब सोप्या आकड्यांत आपल्यापुढे मांडतो. समजा ताट १२० रुपयांचे. धान्य, मासे, भाजी, तेल यांचे ४५. गॅस आणि वीज १०. गाळ्याचे भाडे २०. दोन नोकरांचा पगार २०. उरले २५. दिवसाला ६० ताटे गेली तर १,५०० रुपये. याला ते घर नफा म्हणत होते. मी विचारले, घरची किती माणसे राबतात? तीन. किती तास? पहाटे बाजार धरून चौदा. म्हणजे ४२ तास. पंधराशेला बेचाळिसांनी भागा: तासाला छत्तीस रुपयेसुद्धा पडत नाहीत. नोकरांचे १,२०० रुपये रोज, म्हणजे माणशी ६००, बारा तासांचे, तासाला पन्नास. आणि बारा तास म्हणजे काही न्याय्य पाळी नव्हे, हे मी तेथेच सांगितले. तरीही मालकीणबाईंचा दर नोकराहून कमी! ज्याला नफा म्हणत होतो तो सासू-सुनांचा न दिलेला पगार होता, आणि तोही अपुरा.

घरगुती धंद्याची वाढ येथेच फसते. फुकटच्या कष्टाला नफा समजून मनुष्य दुसरा गाळा घेतो. पण सासू एकच असते. दुसऱ्या गाळ्यात तिच्या जागी पगारी आचारी ठेवावा लागतो, आणि पहिल्या दिवसापासून तोटा सुरू होतो. मग लोक म्हणतात, चव गेली. चव गेलेली नसते. फुकट मिळणारी मजुरी गेलेली असते. या घराने दुसरा गाळा पाहून ठेवला होता. हिशेब झाल्यावर थांबले, आणि ताटाचे पैसे वाढविण्याचा अवघड निर्णय घेतला. आठ-दहा जेवणारे तुटले, बाकीचे राहिले.

घरपोच जेवण पोहोचविणाऱ्या कंपन्यांचा प्रश्न याच हिशेबात बसतो. शेकडा वीस टक्के कमिशन धरले तरी १२० च्या ताटामागे २४ रुपये. आपल्याजवळ उरत होते २५. एका रुपयासाठी पुढचे ताट कोण वाढणार? अशा विक्रीचा भाव वेगळा धरला पाहिजे, नाही तर पाटी मोठी होते आणि घर लहान होते. शिवाय जो मुलगा पावसात ते ताट घेऊन जिना चढतो त्याच्या वाट्याचे दुखणे निराळेच आहे. त्यावर स्वतंत्र व्याख्यान द्यावे लागेल.

कायद्याविषयी दोन शब्द. १९४८ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात लहान दुकानही येत असे. २०१७ साली नवा कायदा आला, त्याने दहापेक्षा कमी कामगारांची दुकाने बहुतेक तरतुदींतून वगळली. परिणाम असा दिसला की काही मालक नऊच्या वर हजेरीपट जाऊच देत नाहीत. दहावा आणि अकरावा "गावाकडचा पाहुणा" असतो. सप्टेंबर २०२५ मध्ये ही मर्यादा वीसवर नेण्याचे राज्य मंत्रिमंडळाने ठरविले. लहान धंद्यावर कागदांचे ओझे नको हे मला मान्य आहे. पण आठवड्याची सुट्टी हे ओझे नव्हे. किमान वेतन तर एका नोकरालाही लागू असते. आणि चौदा वर्षांखालील मुलाला हॉटेलात कामास ठेवण्याची बंदी १० ऑक्टोबर २००६ पासून आहे. अजूनही एखाद्या टेबलावर लहानसा हात पाणी ठेवतो तेव्हा आपण गिऱ्हाईक म्हणून मान खाली घालून जेवतो, हे बरे नाही.

टाळेबंदी आली ती २५ मार्च २०२० पासून. महाराष्ट्रात बसून जेवण्याची परवानगी पुन्हा मिळाली ५ ऑक्टोबरला, तीही निम्म्या टेबलांची. या मधल्या काळात भाडे थांबले नाही. अनेकांनी नोकरांना पहिल्या आठवड्यातच "गावी जा" सांगितले. जावयाचे कसे, हे सांगितले नाही. मी ज्या घराविषयी बोलत आहे त्यांनी दोघांना गावठाणातल्या माळ्यावर ठेवून घेतले. पगार निम्माच देता आला, पण बाकीचा वहीत लिहून ठेवला. जुन्या महिनेवाल्यांचे डबे जमतील तसे चालू ठेवले. ऑक्टोबरात शेजारचे गाळेवाले आचारी शोधीत फिरत होते, तेव्हा यांची चूल पहिल्या दिवशी पेटली. राहिलेला पगार पुढच्या दीड वर्षात फेडला.

भांडण राहिले ते वेगळेच. गाळ्याचा करार थोरल्या मुलाच्या नावावर आहे, परवाना त्याच्याच नावावर, बँकखातेही त्याचे. वहिनींनी आता वहीत तीन नवे रकाने पाडले आहेत: सासूबाईंचा पगार, स्वतःचा, आणि धाकट्या सुनेचा. मुलगा म्हणतो, "घरच्यांना कसला पगार? सगळे आपलेच आहे." धाकटी सून म्हणाली, "आपलेच आहे, तर नव्या करारावर माझेही नाव घाला." या उन्हाळ्यात कराराची मुदत संपते. परवा त्यांनी मला मसुदा वाचावयास दिला आहे. नावांची जागा अजून कोरी आहे.