सफेद मुसळीचे ऊतिसंवर्धन



आयुर्वेदातील पुष्कळ वनस्पतींचे औषधी सत्त्व मुळात साठलेले असते, आणि अडचण तेथेच आहे. पान तोडले तर झाड जगते. मूळ उपटले तर ते संपते. कंदमुळाविषयी विवेक बाळगणाऱ्या समाजाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

सफेद मुसळीचेच पाहावे. क्लोरोफायटम बोरिव्हिलियनम या तिच्या शास्त्रीय नावात मुंबईची बोरिवली आहे. (आज बोरिवली म्हटले की लोकलची गर्दी आठवते, ही गोष्ट निराळी.) हिच्या मांसल मुळ्यांना बलवर्धक म्हणून मोठी मागणी आहे. बियांची उगवण मात्र अत्यल्प, त्यामुळे लागवडीची सारी भिस्त मुळ्यांच्या माथ्यावरील डोळ्यांवर. म्हणजे विक्रीचा माल आणि बेणे एकाच गड्ड्यात! मग बेण्यासाठी वनातील गड्डे खणले जातात.

ऊतिसंवर्धन, अर्थात टिश्यू कल्चर, ही कोंडी फोडू शकते. वनस्पतीच्या एका पेशीतही पूर्ण वनस्पती होण्याचे सामर्थ्य असावे, असा विचार हाबरलांट या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने 1902 मध्ये मांडला. 1962 मध्ये मुराशिगे व स्कूग यांनी तयार केलेले पोषकद्रव्य आजही प्रयोगशाळांतून वापरले जाते. मुसळीच्या माथ्यावरील कोवळा डोळा काढून निर्जंतुक करतात व क्षार, साखर, जीवनसत्त्वे आणि अगर असलेल्या बाटलीत ठेवतात. अगर समुद्रशेवाळापासून मिळते. एका संप्रेरकाने फुटवे वाढतात, दुसऱ्याने मुळे सुटतात. एका फुटव्याचे दर महिन्याला तीनच झाले असे धरले, तरी सहा महिन्यांत 729 होतात. चक्रवाढ व्याज याहून वेगळे ते काय!

मात्र बाटलीत लाडाने वाढलेले रोप उन्हावाऱ्याला तोंड देऊ शकत नाही. दमट हरितगृहात काही आठवडे सवय लावूनच ते शेतात न्यावे लागते. या टप्प्यावर हयगय झाली की मागची मेहनत वाया जाते. शिवाय ही सारी रोपे मातृवृक्षाची नक्कल असतात. एकाच थानातील कापडाप्रमाणे गुण सर्वत्र सारखा, तसा दोषही सारखा. म्हणून मूळ रोपातील औषधी घटक तपासल्यावाचून त्याची हजारो रोपे करणे हा अविचार होय.

शेवटी प्रश्न भावाचा. या शतकाच्या आरंभी महाराष्ट्रात मुसळीची लाट आली. बेणे चढ्या दराने विकले गेले, माल परत घेण्याची आश्वासने दिली गेली. भाव उतरले तेव्हा अनेक शेतकऱ्यांचे पैसे बुडाले. प्रयोगशाळेच्या रोपामागे वीज, मजुरी आणि हरितगृह यांचा खर्च असतो. वनातील मुळीमागे केवळ खणण्याची मजुरी. शेतातही अखेर मूळ उपटावेच लागते, पण तेथे पुढील रोप तयार असते. खरेदीदाराने मुळी वनातील की शेतातील हे विचारून पावतीवर लिहून घ्यावयास आरंभ केला, तर या रोपवाटिकांचा जमाखर्च जुळू लागेल.