हायडेलबर्गचे पहिले दिवस आणि वाटेचे वतन

(आमच्या गावी शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेत केलेले भाषण)



आज आपण आम्हांस बोलावयास उभे केले, ते आम्ही कोणी विद्वान म्हणून नव्हे. सुताराच्या घरचे पोर परमुलखात शिकावयास गेले, तेथे त्याचे कसे काय झाले, हे आपणांस ऐकावयाचे आहे. किल्ला कसा, नदी कशी, थंडी कशी, हे सांगून आपली करमणूक करता येईल. परंतु येथे बसलेल्यांपैकी काहींची मुलेमुली जाण्याच्या विचारात आहेत. म्हणून करमणूक थोडी आणि हिशेब जास्त, असे आजचे बोलणे आहे.

हायडेलबर्ग हे जर्मनीच्या नैऋत्येस, नेकर नदीच्या काठी वसलेले जुने शहर. तेथील विद्यापीठ १३८६ साली स्थापन झाले. आजच्या जर्मनीत त्याहून जुने विद्यापीठ नाही. गावावरच्या डोंगरात तांबड्या दगडाचा किल्ला आहे. १६८९ आणि १६९३ साली फ्रेंच फौजांनी त्याची नासधूस केली, पुढे १७६४ साली त्यावर वीज पडली, आणि तो तसाच पडका उभा आहे. गावात विद्यार्थ्यांचा एक तुरुंगही आहे. दंगा करणाऱ्या पोरांना विद्यापीठ स्वतःच तेथे कोंडून ठेवी. ही चाल १९१४ पर्यंत होती. कोंडलेल्या पोरांनी भिंती चित्रांनी भरून टाकल्या आहेत, त्या आता लोक पैसे देऊन पाहतात.

आम्ही जीवशास्त्राच्या वरच्या पदवीसाठी गेलो. सप्टेंबरअखेर एका शनिवारी रात्री पोहोचलो. दुसऱ्या दिवशी पिठामिठाचे बघू म्हणून बाहेर पडलो, तो सगळी दुकाने बंद! रविवारी तेथे बाजार बंद असतो, हे आम्हांस कोणी सांगितले नव्हते. आईने बांधून दिलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी ह्यांवर तो दिवस काढला. रेल्वे स्टेशनातील काही दुकाने रविवारीही उघडी असतात, हे सोमवारी कळले. गोष्ट लहान आहे, पण पुढचा महिनाभर आमचे असेच होत गेले. जे कळावयास हवे ते एक दिवस उशिरा कळे.

आता कागदांची साखळी ऐका. तेथे राहावयास गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगर-कचेरीत नाव नोंदवावे, असा कायदा आहे. नाव नोंदविण्यास घरमालकाचे पत्र लागते. आमच्या मालकाने ते पत्र देण्यास दहा दिवस लावले. नोंदणीचा कागद नाही म्हणून बँक खाते उघडीना. खाते नाही म्हणून आमचेच पैसे आमच्या हाती येईनात. हे पैसे म्हणजे काय? परदेशी विद्यार्थ्याने वर्षाचा खर्च आधीच एका बंद खात्यात भरून ठेवावा लागतो. सप्टेंबर २०२४ पासून ती रक्कम ११,९०४ युरो आहे. त्यातून महिन्याला ९९२ युरो सुटतात. शंभर रुपयांचा युरो धरला तरी बारा लाखांच्या घरात गोष्ट जाते. वडिलांनी घर गहाण टाकून ती भरली होती. घर गहाण, पैसे बँकेत, आणि पोर खिशातले उरलेले युरो मोजीत बसलेले, अशी आमची गत झाली.

आमच्याबरोबर आपल्याच देशातले आणखी काही विद्यार्थी होते. त्यांचे सर्व कागद चार दिवसांत झाले. ते आमच्याहून हुशार होते काय? नव्हते. एकाचा काका तेथे वीस वर्षे राहिलेला, दुसरीची बहीण आधी शिकून गेलेली. घरमालकाचे पत्र पहिल्याच दिवशी मागावे, वसतिगृहाच्या खोलीसाठी कितीतरी आधी अर्ज करावा, तीस वर्षांखालील विद्यार्थ्यास सवलतीचा सरकारी विमा मिळतो तो घ्यावा, हे सर्व त्यांना घरीच ठाऊक होते. मंडळी, जमिनीचे वतन कायद्याने गेले. पण वाट ठाऊक असण्याचे वतन अजून काही घरांतच आहे, आणि ते सातबाऱ्यावर दिसत नाही.

त्याहून मोठी चूक आमची स्वतःची होती. आम्ही विचारले नाही. विचारले तर अडाणी ठरू, आडनावावरून घर ओळखतील, अशी लाज मनात होती. शेवटी पैसे अगदी संपत आले, तेव्हा विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कचेरीत गेलो. तेथल्या बाईंनी कागद पाहिले, घरमालकास फोन केला, आणि दुसऱ्या दिवशी पत्र हाती आले. तीन आठवड्यांची तळमळ एका प्रश्नाने संपली.

दुसरी एक गोष्ट सांगतो. आमच्या वसतिगृहात दार दुरुस्त करावयास एक सुतार आला. त्याचा रंधा आम्ही हाती घेतला, आणि हात आपोआप वडिलांसारखा चालला. त्याने विचारले, "तुझे वडील मायस्टर आहेत का?" मायस्टर म्हणजे परीक्षा उतरलेला उस्ताद कारागीर. तेथे पोरगा बहुधा तीन वर्षे उमेदवारी करतो. आठवड्यातले एकदोन दिवस शाळा, बाकीचे दिवस कारखान्यात काम, आणि त्या कामाचा पगार. पुढे मायस्टरची परीक्षा. त्या देशाने शिक्षणाच्या आठ पायऱ्या ठरविल्या आहेत. त्यांत मायस्टर आणि विद्यापीठाचा पदवीधर दोघेही सहाव्या पायरीवर आहेत. तेथेही सगळे सोने नाही. बहुतेक ठिकाणी दहाव्या वर्षाच्या सुमारास पोरांच्या शाळा वेगळ्या होतात, आणि त्यात गरिबाचे पोर मागे पडते. तरी वडिलांच्या हातातली विद्या ही विद्याच आहे, हे आम्हांस परक्या सुताराने सांगावे लागले, ह्याची लाज मात्र वाटली.

तेथे १९६२ साली स्थापन झालेली दक्षिण आशियाची संस्था आहे. तिच्या ग्रंथालयात मराठी पुस्तके आहेत. गुंथर सोंथायमर नावाचे तेथले प्राध्यापक आपल्या धनगरांबरोबर हिंडले, त्यांच्या ओव्या उतरून घेतल्या, आणि १९७६ साली बिरोबा, म्हसकोबा व खंडोबा ह्यांवर जर्मन भाषेत ग्रंथ लिहिला. १९९२ साली ते वारले. ज्या ओव्या आपण अडाण्यांच्या म्हणून सोडून देतो, त्या तेथे अभ्यासाचा विषय झाल्या. त्या दिवसापासून आमची मान ताठ झाली, आणि तोंडही उघडले.

आता शेवटचे. शुल्क विसरू नका: त्या प्रांतात २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यास सहामाहीला १,५०० युरो पडतात. आमची राज्य सरकारची राजर्षि शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ति अनुसूचित जातींच्या मुलांसाठी आहे. इतरांसाठीही योजना आहेत. घर गहाण टाकण्याआधी त्यांचे नियम वाचा. आम्ही वाचले नाहीत, आणि व्याज वडील भरीत आहेत.

पहिल्या चाळीस दिवसांत कोणता कागद, कोठे, कोणत्या दिवशी, हे सर्व आम्ही एका वहीत मराठीतून लिहून आणले आहे. ती वही आज शाळेच्या कपाटात ठेवतो. ज्याला हवी त्याने उतरून घ्यावी, आणि पुढे जो जाईल त्याने तीत आपली पाने वाढवावी. काका नसलेल्या पोरांना निदान एक वही तरी असावी.