आडवा जोर आणि पायाची माती

वऱ्हाडातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. अशा जमिनीसाठी रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने तळाशी कंद असलेले पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले पायाचे खांब, विकसित केले. ऋतूंचा फरक फारसा पोहोचत नाही अशा साधारण साडेतीन मीटर खोलीवर तो कंद बसतो. मातीचा स्वभाव आधी ओळखला, मग पाया ठरला. समुद्रातल्या पवनचक्क्यांनाही हाच क्रम हवा, असे माझे म्हणणे आहे.

तिथे मुख्य प्रश्न आडव्या जोराचा. वारा शंभरेक मीटर उंचीवर रेटा देतो आणि तो पेलायला खाली आठ-दहा मीटर व्यासाचा एकच पोलादी नळा असतो. अशा जोराचे गणित मॅटलॉक आणि रीस या अमेरिकी अभियंत्यांनी 1970 च्या दशकात मांडले, ते 32 आणि 61 सेंटिमीटर व्यासाच्या पाइलांवरच्या चाचण्यांतून. सडपातळ पाइल मातीत वाकतो. आखूड, जाड नळा मात्र बैलाने ओढलेल्या खुंट्यासारखा अख्खाच कलतो. कलताना त्याच्या बाजू आणि तळ मातीशी घासतात. तो विरोध जुन्या गणितात नव्हता. पवनचक्क्यांच्या पायांवरच्या ‘पिसा’ या संशोधन प्रकल्पात इंग्लंडमधल्या काउडनच्या चिकणमातीत आणि फ्रान्समधल्या डंकर्कच्या वाळूत दोन मीटर व्यासापर्यंतचे पाइल आडवे ओढून पाहिले, तेव्हा हा विरोध हिशेबात आला.

कोणी म्हणेल, तेलाचे फलाट जुन्याच गणितावर उभे आहेत. खरे आहे, पण तिथे भार अनेक सडपातळ पाइलांच्या चौकटीवर वाटला जातो. पवनचक्कीला कायमचा कल साधारण अर्धा अंशच चालतो, आणि मातीचा ताठपणा चुकीचा धरला तर मनोऱ्याच्या डोलण्याचा अंदाजही चुकतो. दुसरा आक्षेप असा, की दोन मीटरवरून दहा मीटरवर जाणे हीसुद्धा उडीच. आहेच; पण पिसा प्रकल्पात संगणकातले प्रारूप आधी चाचणीशी ताडून पाहिले आणि मगच मोठ्या आकाराला लावले. काउडनची रीत आपण जरूर घ्यावी, तिथले आकडे मात्र घेऊ नयेत. केंद्राने 2024 मध्ये गुजरात आणि तामिळनाडूच्या समुद्रातल्या 1000 मेगावॉट पवनऊर्जेसाठी 7,453 कोटींची योजना मंजूर केली. तिथल्या मातीत आधी पाइल ओढून पाहणे खर्चिक वाटेल. पण अज्ञानापोटी प्रत्येक नळ्यात घातलेले जादा पोलादही फुकट येत नाही.