पाणी आधी, आराखडा नंतर

कोल्हापूरच्या गांधी मैदानावर पावसाळ्यात पाणी साचते, ही तक्रार शहराला नवी नाही. परंतु हा परिसर वरुणतीर्थ वेस म्हणून ओळखला जातो, याकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते. आज जेथे सामने व सभा होतात, तेथे पूर्वी वरुणतीर्थ नावाचे तळे होते. कपिलतीर्थाचीही तीच गत झाली. तेथे आता मंडई भरते. तळी बुजली, नावे उरली. पाणी मात्र आपली जागा विसरलेले नाही.

भूदृश्यरचना, म्हणजेच लँडस्केप आर्किटेक्चर, या विषयाचा पदव्युत्तर अभ्यास नेमका येथून सुरू होतो. बागेत कोणती फुलझाडे लावावीत एवढाच हा विषय आहे, असा समज सर्वत्र आढळतो. तो दूर होणे अगत्याचे आहे. आराखड्याला हात घालण्यापूर्वी विद्यार्थ्याने जागा वाचावयाची असते. चढउतार समोच्च रेषांनी कागदावर उतरवावयाचे, पाणी कोठून येते व कोठे जाते ते पाहावयाचे, माती, खडक, जुनी झाडे, माणसांच्या पायवाटा टिपावयाच्या. हे नकाशे एकावर एक ठेवले की बांधकाम कोठे करू नये, हे आधी कळते. अमेरिकेत इयान मॅकहार्ग यांनी १९६९ साली 'डिझाइन विथ नेचर' या ग्रंथात हीच पद्धत मांडली.

कोल्हापुरात या पद्धतीची परीक्षा पंचगंगा घेते. राजाराम बंधाऱ्याजवळ नदीची इशारा पातळी ३९ फूट, तर धोका पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर चढले. शहरातून वाहणारा जयंती नाला याच नदीला मिळतो. नदी फुगली की नाल्याला वाट उरत नाही आणि पाणी मागे वस्तीत शिरते. अशा नाल्याचा काठ अभ्यासासाठी घेणाऱ्या विद्यार्थ्याने पुराला पसरण्यास जागा सोडावी, तेथे गवताळ मैदान व पायवाट ठेवावी, पाण्यात तग धरणारी करंज, जांभूळ, वाळुंज ही झाडे लावावीत. फरसबंदी केलेला काठ उद्घाटनाच्या दिवशी अधिक शोभतो हे खरे. पण त्यात पाणी जिरत नाही.

रंकाळा, कोटितीर्थ व कळंबा ही तळी आजही शिल्लक आहेत. काठावर दिवे व बाके बसविण्याच्या योजना पुष्कळ होतात. या तळ्यांत पावसाचे पाणी आणणारे उतार मात्र घरांखाली व रस्त्यांखाली जात आहेत. विद्यार्थ्यांनी पहिला नकाशा काढावा, तो या उतारांचा.