गाडी दिसते, पण आपण दिसतो का?

चौसाळा परिसरात मी बरीच वर्षे शाळामास्तर म्हणून काम केले. तिथली एक संध्याकाळ अजून डोळ्यांपुढून जात नाही. डिसेंबरचा महिना होता. दहावीचा जादा तास संपवून मी मोटारसायकलवरून घरी निघालो होतो. समोरून उसाचा ट्रॅक्टर आला. त्याच्या दिव्यांनी डोळे दिपले. तो बाजूने गेला आणि पाहतो तो माझ्या पुढ्यातच एक सायकल! कचकन ब्रेक दाबला. गाडी थांबली तेव्हा मध्ये हातभर अंतर होते.

सायकलवर माझीच विद्यार्थिनी होती. गडद निळा गणवेश, वर काळा स्वेटर. मी घाबरून ओरडलो, ‘‘अगं, मागून गाडी येतेय हे कळलं नाही का?’’ ती म्हणाली, ‘‘सर, तुमच्या गाडीचा उजेड मला लांबूनच दिसला होता की!’’ आणि मग हळूच म्हणाली, ‘‘घरी सांगू नका सर. सायकल बंद करतील.’’

श्रोतेहो, आजचे माझे बोलणे या दोन वाक्यांवरच आहे.

पहिले वाक्य घ्या. आपल्याला गाडी दिसते म्हणून गाडीवाल्यालाही आपण दिसत असणार, असे आपण धरून चालतो. पण गाडीला दिवा असतो, आपल्याला नसतो. सायकलस्वार स्वतःच्या दिसण्याबद्दल फाजील विश्वास बाळगतात, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनाही आढळले आहे.

आता थोडा हिशेब करू. चौसाळ्यावरून सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्ग जातो. पूर्वी त्याचा क्रमांक २११ होता, आता ५२ आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. समोर काही आहे हे कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीडेक सेकंद जातो, म्हणजे ३३ मीटर संपले. पुढे गाडी थांबायला आणखी तेवढेच किंवा थोडे जास्त अंतर लागते. एकूण साधारण ७० मीटर झाले. आणि खाली वळवलेल्या दिव्यात काळ्या कपड्यातला माणूस दिसतो तो जेमतेम पंचवीस-तीस मीटरवर! म्हणजे चालक कितीही सावध असला तरी गणित चुकतेच.

आपल्या आजोबांचे पांढरे धोतर आणि पांढरा फेटा अंधारात उठून दिसायचा. बैलगाडीखाली कंदील लोंबकळत असायचा. आता जीन, जर्किन, काळी शाल, सगळेच गडद. पांढऱ्या कपड्याने अंतर वाढते; पण खरा फरक पडतो तो परावर्तकाने, ज्याला आपण ‘रेडियम’ म्हणतो. त्यात रेडियम नसते बरे का! जुन्या घड्याळांच्या तबकडीवर असे ते रेडियम, ते आपले आपण चमकायचे. ही पट्टी स्वतः चमकत नाही. मांजराच्या डोळ्यासारखी ती आलेला उजेड आला तिकडेच परत पाठवते. इंग्लंडमधल्या पर्सी शॉ यांनी १९३४ मध्ये याच तत्त्वावर रस्त्यात बसवायचे ‘कॅट आय’ काढले. त्यामुळे साधी पट्टीसुद्धा शंभर मीटरच्या पलीकडून लुकलुकते.

पण तिला उजेड मिळाला तरच. हेडलाइट बंद पडलेल्या मोटारसायकलवाल्याला ती दिसणार नाही. चिखलाने माखली तरी दिसणार नाही. म्हणून मागे तांबडा दिवा हवाच, आणि तो बॅटरीवरचा असेल तर उत्तम. डायनॅमोचा दिवा चाक थांबले की विझतो, आणि आपण थांबतो ते नेमके रस्ता ओलांडताना.

पट्टी लावायची कुठे? मागच्या मडगार्डवर लाल आणि पुढे पांढरी. दोन्ही पायडलांवर तर नक्कीच, कारण खालीवर हलणारे दोन ठिपके दिसले की चालकाला लगेच कळते की ही सायकल आहे. तीच पट्टी घोट्याला बांधली तर आणखी चांगले. कॅरियरवर दप्तर, दुधाची किटली किंवा पोते असेल तर मागचा परावर्तक झाकला जातो. मग पट्टी किटलीला लावा, दप्तराला लावा. आणि तो भडक पोपटी जाकीट? तो दिवसा आणि तिन्हीसांजेला कामाचा. त्याचा भडकपणा सूर्यप्रकाशातला असतो. रात्री त्यावर परावर्तक पट्टे नसतील तर तो साधा कपडाच.

आणखी एक सवय सांगतो. दुभाजकाची फट लांब पडते म्हणून पुष्कळ जण उलट्या बाजूने सायकल हाकतात. ‘समोरून येणारी गाडी दिसते तरी!’ असे म्हणतात. पुन्हा तीच चूक! आपण १५ च्या वेगाने चाललो आणि गाडी ८० ने, तर एका दिशेने जाताना दोघांतला वेग ६५ असतो, उलट दिशेने तो ९५ होतो. चालकाला मिळणारा वेळ त्या प्रमाणात घटतो. शिवाय वळणारा चालक त्या बाजूला पाहतच नाही. अंधार पडल्यावर मैत्रिणींनी गप्पा मारत शेजारी-शेजारी न जाता एकामागे एक जावे. संध्याकाळी मावळतीकडे जाणाऱ्या चालकाच्या डोळ्यांवर ऊन असते, तेव्हा तो आपल्याला पाहतोय असे मानूच नये.

आता दुसरे वाक्य. ‘सायकल बंद करतील.’ राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून कितीतरी गरजू मुलींना सायकली मिळाल्या. वाडी-वस्तीवरच्या मुलीची आठवीनंतरची शाळा पुष्कळदा या दोन चाकांवर चालते. अशा वस्तीत एक अपघात झाला की नुसती एक सायकल घरात उभी राहत नाही. शेजारपाजारचे आईबापही धसका घेतात आणि चार मुलींची शाळा सुटते. म्हणून मी त्या मुलीच्या घरी बोललो नाही. पण दुसऱ्या दिवशी पट्टीचे रीळ घेऊन शाळेत गेलो. मधल्या सुट्टीत मुलांनीच सगळ्या सायकलींना पट्ट्या लावल्या. नंतर तिच्या वडिलांना भेटलो. जे घडले ते सांगितले आणि सायकलही दाखवली. सायकल बंद झाली नाही.

श्रोतेहो, आज रात्री एक करून पाहा. घरातल्या कुणाला तरी सायकल घेऊन पन्नास पावलांवर उभे करा. बॅटरी डोळ्यांच्या बाजूला, कानशिलाजवळ धरा आणि तिकडे उजेड टाका. काय दिसते ते पाहा. नाही दिसले, तर तेवढेच मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला दिसत असते. मग उद्या सकाळी दुकान उघडल्या उघडल्या पट्टी आणा. घरची मुलगी संध्याकाळी परत येण्याआधी ती सायकलला लागलेली असू द्या.