केडगावचा छापखाना आणि हातातला मोबाइल



भारतीय संविधानाचा अनुच्छेद १९(१)(क) प्रत्येक नागरिकाला भाषण आणि अभिव्यक्ती यांचे स्वातंत्र्य देतो, तर अनुच्छेद १९(२) राज्यसंस्थेला त्यावर वाजवी निर्बंध, म्हणजे कायद्याने घातलेली आणि त्याच अनुच्छेदात नमूद केलेल्या कारणांपुरती मर्यादित असलेली बंधने, घालण्याची मुभा देतो. या तरतुदींची चर्चा बहुधा बोलण्याच्या मर्यादांभोवतीच फिरते आणि बोलण्याचे साधन कोणाच्या हाती आहे हा तितकाच मूलभूत प्रश्न मागे राहतो. पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड या तालुक्यांत मात्र तो मागे ठेवता येत नाही, कारण त्याचे एक लखलखीत उत्तर याच मातीत दिले गेले आहे.

दौंड तालुक्यातील केडगाव येथे पंडिता रमाबाई यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुक्ती मिशन उभारले. दुष्काळात होरपळलेल्या, घरातून टाकून दिलेल्या आणि विधवा म्हणून मूक केलेल्या स्त्रिया तेथे आल्या, आणि त्यांना अन्नवस्त्र व अक्षरओळख देऊन रमाबाई थांबल्या नाहीत. त्यांनी तेथे छापखाना चालवला. खिळे जुळवणाऱ्या जुळारी स्त्रिया, प्रुफे तपासणाऱ्या स्त्रिया, यंत्र चालवणाऱ्या स्त्रिया असा तो छापखाना होता, आणि रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून केलेले बायबलचे मराठी भाषांतर तेथेच छापले गेले. त्या भाषांतराविषयी धर्माच्या अंगाने कोणाचे काहीही मत असो, ज्यांना वाचण्याचाही अधिकार नाकारला गेला होता त्यांच्या हाती छापण्याचे यंत्र सोपवणे ही महाराष्ट्राच्या अभिव्यक्तीच्या इतिहासातील फार मोठी घटना आहे, आणि तिची पुरेशी दखल अजून घेतली गेलेली नाही.

आज त्या यंत्राची जागा मोबाइलने घेतली आहे, परंतु तो प्रत्येकाच्या हाती सारखाच पोहोचलेला नाही. पुणे–अहिल्यानगर महामार्गालगत आणि रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत मिळणारी रेंज आडबाजूच्या वाडीवस्तीवर मिळेलच असे नसते, आणि ही उणीव केवळ करमणुकीची उरत नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर लागू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने स्वतः आपल्या गटात उभे राहून पिकाचे छायाचित्र घ्यावे आणि सातबारावरील पीक नोंदीसाठी ते ॲपमधून पाठवावे अशी व्यवस्था आहे. म्हणजे अतिवृष्टीनंतर भरपाई मागताना ज्या नोंदीचा आधार घ्यायचा, ती शासनापर्यंत पोहोचण्यासाठीही इंटरनेट लागते. शासनाशी बोलण्याचा मार्गच जेव्हा जोडणीतून जातो, तेव्हा जोडणी नसलेला नागरिक गप्प बसलेला नसून त्याला गप्प बसवले गेलेले असते.

घराच्या आतही हीच विषमता आहे. २०१९–२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५७ टक्के पुरुषांनी इंटरनेट कधी ना कधी वापरले होते, तर स्त्रियांमध्ये हे प्रमाण सुमारे ३३ टक्के होते. घरात एकच मोबाइल असेल आणि तो भावाच्या खिशात असेल, तर बहिणीच्या मताचे काय होते, हे ग्रामीण महाविद्यालयांच्या वर्गांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

साधन हाती आल्यानंतर दुसरे संकट सुरू होते. शब्द इजा करतात, हे याच परिसराने सोसले आहे. शिरूर तालुक्यातील कोरेगाव भीमा येथे १ जानेवारी २०१८ रोजी हिंसाचार झाला, आणि दौंड तालुक्यातील यवत येथे ऑगस्ट २०२५ मध्ये समाजमाध्यमावरील एका मजकुरावरून दगडफेक आणि जाळपोळ होऊन जमावबंदी लागू करावी लागली. एकाने लिहिलेल्या ओळींची शिक्षा त्या ओळी न वाचलेल्या शेजाऱ्यांच्या दुकानांना आणि घरांना भोगावी लागते, तेव्हा अभिव्यक्तीच्या नावाखाली चिथावणीचे समर्थन करता येत नाही.

तथापि चिथावणी रोखणे वेगळे आणि सगळ्यांचे तोंड बंद करणे वेगळे. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पुसेसावळी गावातील हिंसाचारानंतर सातारा जिल्ह्यात इंटरनेट बंद करण्यात आले. अशा बंदीने अफवा काही अंशी थांबत असेल, पण अफवेचे खंडनही त्याच क्षणी थांबते, आणि त्याबरोबर भाजीविक्रेत्याची यूपीआयवरील कमाई, विद्यार्थ्याचा परीक्षा अर्ज आणि रुग्णाच्या नातेवाइकांचा निरोपही अडतो. इंटरनेटबंदीला आव्हान देणाऱ्या अनुराधा भसीन प्रकरणात १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की इंटरनेटच्या माध्यमातून होणाऱ्या अभिव्यक्तीला संविधानाचे संरक्षण आहे, अनिश्चित काळासाठी सेवा बंद ठेवता येत नाही आणि बंदीचे आदेश प्रसिद्ध केलेच पाहिजेत. आदेश प्रसिद्ध होणे ही यातील कळीची बाब आहे, कारण जो आदेश नागरिकाला वाचता येत नाही त्याला तो न्यायालयात आव्हानही देऊ शकत नाही.

संदिग्ध कायदा काय करतो, हे नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरने दाखवले. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी एका तरुणीने फेसबुकवर मत मांडले, दुसरीने ते पसंत केले, आणि दोघींना अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे तेव्हाचे कलम ६६अ ‘त्रासदायक’ मजकूरही गुन्हा ठरवत होते, परंतु त्रास म्हणजे काय हे कोठेही सांगत नव्हते. त्या कलमाविरुद्ध दिल्लीच्या श्रेया सिंघल यांनी एकविसाव्या वर्षी, म्हणजे आजच्या स्नातकांच्याच वयात, सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी ते कलम घटनाबाह्य ठरले.

मुस्कटदाबी मात्र केवळ शासनच करते असे नाही. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये पाणीपुरवठ्याच्या खर्चाचा हिशेब विचारणाऱ्याला ग्रुपमधून काढून टाकणे, किंवा ‘फक्त ॲडमिनच मेसेज पाठवू शकतील’ अशी सोय करून प्रश्नांची वाटच बंद करणे, हीदेखील अभिव्यक्तीवरील बंदीच आहे, आणि ती घालणारा हात पुष्कळदा सुशिक्षिताचा असतो.

म्हणून आज पदवी घेऊन आपापल्या गावी परतणाऱ्या स्नातकांनी चार कामे अंगावर घ्यावीत: वाडीवस्तीच्या जोडणीचा विषय ग्रामसभेच्या कामकाजात लेखी नोंदवून घ्यावा, इंटरनेट बंद झाल्यास त्याचा आदेश मागून वाचावा, पेटवणारा मजकूर पुढे पाठवण्याचे ठामपणे नाकारावे, आणि घरातील ज्या स्त्रीच्या हाती अजून मोबाइल नाही तिच्या हाती तो तिच्या स्वतःच्या नावाच्या सिमकार्डासह द्यावा.